पुसलेली गर्दी

काल दुपारी ज्या माणसाला त्यानं पुसून टाकलं होतं, तो माणूस आज सकाळी बसच्या रांगेत त्याच्या पुढे उभा होता. आधी त्याला नुसती मान दिसली. जाड, रापलेली, मधोमध आडवी घडी पडलेली. आणि उजव्या कानाची पाळी खालून जराशी तुटलेली. इतक्या जवळून त्यानं आयुष्यात फार थोड्यांना पाहिलं असेल. ही मान कितीतरी दिवस त्याच्या पडद्यावर होती. तिच्या कडेकडेनं बारीक रेघ फिरवत, एकेका चौकटीत, त्यानं ती भोवतालच्या हवेतून सोडवून काढली होती आणि तिच्या जागी मागची भिंत भरली होती. चेहरा मात्र कधी पाहिला नव्हता, कारण सिनेमातली ती सगळी गर्दी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी होती. त्यामुळे तो माणूस मागं वळला आणि आधीची बस गेली का म्हणून विचारू लागला, तेव्हा हा नकळत एक पाऊल मागं सरला. त्या मानेला पुढच्या बाजूनं एक साधासुधा, दाढीचे खुंट वाढलेला, झोप न झालेला चेहरा असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बोलायची गरज नव्हती. तरी त्यानं विचारलं की तुम्ही सिनेमात काम करता का. माणूस खुलला. कसं ओळखलंत, असं त्यानं दोनदा विचारलं. त्यावर स्टुडिओ आमच्या ऑफिसजवळच आहे, असं काहीतरी हा पुटपुटला. मग माणसानं आपणहून सगळं सांगितलं. त्याचं पंखे दुरुस्तीचं दुकान होतं, गर्दीचं काम तो सुटीच्या दिवशी हौसेनं करायचा. आजवर बाजारात हिंडलेला, मिरवणुकीत चाललेला, पण या वेळचं काम वेगळं होतं. या वेळी गर्दीनंच काहीतरी केलं होतं. "तिसऱ्या ओळीत आहे मी, डाव्या अंगाला," तो म्हणाला. "घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय, गेट पडतं ना, तेव्हा पापणी लववू नका." बस आली. माणूस चढला आणि आतून जागा धरल्यासारखा हात करू लागला. हा मात्र रांगेतून बाजूला झाला आणि बस जाऊ दिली. तो माणूस समोर उभा असतानाच त्याच्या आरपार मागची भिंत दिसली होती. भिंतीच्या विटा, विटांमधल्या फटी, एका फटीत उगवलेलं गवत, सगळं स्वच्छ. डोळ्यांना सवय लागलीय, त्यानं स्वतःला समजावलं. दिवसभर जे करतो तेच दिसणार.

ऑफिसात त्याला सगळे खोडरबर म्हणत, आणि घाई असली की नुसतं रबर. त्यानं कधी मनावर घेतलं नाही. सिनेमातलं नको ते काढून टाकणं हेच त्याचं काम होतं. नायक कड्यावरून उडी मारतो तेव्हा त्याला बांधलेल्या तारा. जुन्या काळातल्या रस्त्यावर चुकून आलेली नवी मोटार. खिडकीच्या काचेत उमटलेला कॅमेरामन. एका लांबट, पडदे ओढलेल्या खोलीत सातआठ जण आपापल्या पडद्यासमोर वाकून बसत आणि जे कधी दिसायला नको होतं ते निगुतीनं नाहीसं करत. शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या, त्यांच्याकडे सावल्या होत्या. वस्तू रबरानं काढायची आणि तिची सावली त्यांनी, अशी वाटणी कोणी कधी ठरवली कुणास ठाऊक, पण त्यावरून त्यांना सावलीबाई हे नाव पडलं होतं. वयानं त्या त्याच्याहून थोड्या मोठ्या, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. या नव्या कामात त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की तुझी माणसं मरतात ती मरतात, पण जाताना सावल्या माझ्या दारात टाकून जातात. तेव्हा तो हसला होता.

काम असं होतं. एका सूतगिरणीला आग लागते. आत कामाची पाळी चालू आहे आणि मोठ्या लोखंडी गेटला बाहेरून कुलूप आहे. किल्ली ज्याच्याकडे आहे तो पळून गेला आहे. वस्तीतली माणसं धावत येतात, पुढचे गेटचे गज धरतात, मागचे पुढच्यांची कंबर धरतात, त्यांची कंबर त्यांच्या मागचे, अशी पार रस्त्यापर्यंत, आणि सगळी मिळून ओढतात, ओढतात, आणि गेट बिजागऱ्यांसकट उखडून पडतं. दिग्दर्शकानं हे खऱ्या माणसांची गर्दी जमवून, ऊन तापलेलं असताना, एका दमात घेतलं होतं. सिनेमा पुरा झाल्यावर निवडक प्रेक्षकांना दाखवला, तर ऐन त्या जागी लोक चुळबुळ करू लागले. कोणाकडे बघायचं तेच कळत नाही, असं बहुतेकांनी म्हटलं. म्हणून आता गर्दी काढायची होती. नायक मधोमध होताच. तो एकटा ठेवायचा.

हे सांगायला दिग्दर्शक स्वतः आला होता. हडकुळा, सौम्य, बोलताना चष्म्याची काडी चावणारा माणूस. कामाचं समजावून झाल्यावरही तो निघेना. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी खुलासा करत राहिला. खरं जसं घडलं तसंच मी घेतलं होतं, म्हणाला. वर्षभर लोकांना भेटलो, विचारत हिंडलो की पहिला हात कोणी घातला; एकालाही सांगता आलं नाही. मग सावलीबाईंनी विचारलं की मग हे एकट्याचं कशाला करताय, तेव्हा तो चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाला, "बाई, लोक तिकीट काढतात ते एका चेहऱ्यासाठी. गर्दी तर त्यांना बसमध्ये फुकट बघायला मिळते." त्याच्या बोलण्यात कावा नव्हता, थकवा होता. सगळे हसले. रबर हसला नाही. त्याला आतून कुठेतरी बरं वाटलं होतं, आणि आपल्याला बरं वाटलंय हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो पडद्यावर वाकला.

कारण ते गेट त्याच्या ओळखीचं होतं. सिनेमातलं गाव निराळं होतं, काळ निराळा होता, पण आग तीच होती हे त्याच्या वस्तीतल्या कोणीही सांगितलं असतं. तो सात वर्षांचा असताना आई आतल्या पाळीला होती आणि वडील, त्यांची पाळी संपलेली, घरी अंघोळ करून केस पुसत होते. ओरडा ऐकून ते तसेच पळाले. पंचा दाराच्या कडीवर अडकवून गेले, तो तिथंच वाळला. तेवढंच त्याला आठवत होतं. बाकीचं सगळं लोकांनी सांगितलेलं. गेट निघालं, आतल्या बाया बाहेर आल्या, सगळ्याच्या सगळ्या आल्या, आणि आग विझल्यावर माणसांनी गेट उचललं तेव्हा खाली वडील होते. पुढच्या ओळीत असणार. गेट पडताना बाजूला होता आलं नसणार. शोकसभेत एकामागून एक माणसं उभी राहिली आणि प्रत्येकानं म्हटलं की तो आमच्यातलाच एक होता. किती तरी हात त्याच्या डोक्यावरून फिरले. तेलकट, खरखरीत, विडीच्या वासाचे हात. आमच्यातलाच एक. त्या वयातही त्याला ते शब्द लागले होते. जणू कोणी वडिलांना उचलून पुन्हा त्या ढिगात मिसळत होतं आणि आता ते शोधूनही सापडायचे नव्हते. पुढे शाळा बुडवून तो सिनेमे बघू लागला, अगदी पुढच्या बाकावर बसून, मान मोडेपर्यंत वर बघत. तिथं एकटा माणूस वीसवीस जणांना लोळवायचा. एकटा पूल तोलून धरायचा. त्याच्या मागं गर्दी असायची ती फक्त तोंडं वासून बघायला. अंधारात, कोणाला न कळता, त्या एकट्या माणसाच्या चेहऱ्यावर तो वडिलांचा चेहरा बसवायचा. नीट बसायचा नाही, कारण चेहरा पुरता आठवत नव्हता. पण केस ओले आहेत एवढं कल्पनेनं दिसलं की पुरे व्हायचं. आणि आता इतक्या वर्षांनी ते काम त्याच्या टेबलावर आलं होतं. तो गर्दी काढणार होता. गेटापाशी एकच माणूस ठेवणार होता. तो कोण, हे फक्त त्यालाच ठाऊक असणार होतं.

म्हणून त्यानं कामाला वाहून घेतलं. मागच्या ओळी आधी काढल्या, मग मधल्या. प्रत्येक माणूस काढताना थोडा वेळ तो त्याच्याशी एकटा असायचा. कोणाच्या शर्टाला काखेत ठिगळ, कोणाच्या पाठीवर घामाचा नकाशा, एका बाईच्या वेणीतून सुटलेली बट जी दर चौकटीत वेगळीकडे उडायची आणि तिनं त्याचा अख्खा दिवस खाल्ला. माणूस गेला की त्याच्या मागचा माणूस उघडा पडायचा, अचानक प्रकाशात आल्यासारखा. पंखेवाला कालच गेला होता. आता नायकाच्या मागं त्याला धरून उभे असलेले तेवढे राहिले होते. बसच्या रांगेतली सकाळ डोक्यातून काढून टाकून त्यानं तेही उरकले, आणि संध्याकाळच्या सुमारास तो सगळा प्रसंग पहिल्यांदा सलग लावून पाहिला.

नायक एकटा होता. पाय रोवून, दोन्ही हातांनी गज धरून ओढत होता. आणि गेट वाकत होतं, पण त्याच्या हातांशी नाही. दोन्ही कडांना वाकत होतं. उजव्या कोपऱ्यात वरचा गज थरथरत होता, कोणी जिवाच्या आकांतानं हिसकावा तसा, आणि तिथं कोणी नव्हतं. डावीकडे जमिनीलगत गेट मध्येच फुगायचं आणि मागं जायचं, श्वास घेतल्यासारखं. मोकळ्या जमिनीवरून धूळ उठत होती, टाच घसरावी तशी, फरफटत, एकाच वेळी पन्नास ठिकाणी. तो खुर्चीत मागं सरला. मग त्यानं नायकाची पाठ मोठी करून पाहिली. शर्ट कमरेपाशी दोन्ही बाजूंनी आत दबलेला होता. कापडावर खळगे होते. पाच इकडे, पाच तिकडे. ज्यानं ती कंबर धरली होती तो माणूस दोन तासांपूर्वी निघून गेला होता, त्याची बोटं पण गेली होती, पण पकड तिथंच होती, आणि नायक जसजसा ओढत होता तसतशी ती आणखी घट्ट होत होती.

त्यानं सावलीबाईंना हाक मारली. त्या खुर्ची सरकवत आल्या आणि पाहत राहिल्या. "माझ्याकडच्या सावल्या मी अजून काढल्या नाहीत," शेवटी त्या म्हणाल्या, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की जमिनीवर ती सगळी माणसं आडवी पडलेली होती. एकमेकांच्या कमरा धरलेल्या लांबच लांब काळ्या आकृत्या, रस्त्यापर्यंत. त्यांच्यामुळेच नायक जागचा हलत नव्हता असं वाटत होतं. बाईंनी विचारलं की तुझ्या घरचं कोणी होतं का रे त्या गिरणीत. त्यानं नाही म्हटलं. त्यांनी जास्त विचारलं नाही, पण जाताना त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो दचकून एवढ्या जोरात सरकला की टेबलावरचा कप कलंडला.

पुढचे दिवस त्याचे त्या पकडीशी झटण्यात गेले. कापड सरळ करावं तर सुरकुत्या दुसरीकडे निघायच्या. गेटच्या कडा सरळ केल्या तर मधला भाग खोटा वाटायचा. धूळ काढली की नायकाचे पाय हवेत तरंगायचे. एकट्याचं ओढणं एकट्याचं दिसावं म्हणून किती गोष्टी नाहीशा कराव्या लागतात याचा त्याला अंत लागेना. रस्त्यानं जाताना आता तो माणसांच्या मागं चालायचं टाळू लागला. पाठी बघवत नसत. दुकानाबाहेर, पुलावर, जिन्यात, जिथं बघावं तिथं ओळखीच्या माना, ओळखीचे खांदे, आणि त्यांच्या आरपार थोडंसं दिसणारं पलीकडचं. एकदा लिफ्टमध्ये चौघांच्या मागं उभा असताना समोरच्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसेना, त्या चौघांचे चेहरे आणि मधून लिफ्टची पत्र्याची भिंत, एवढंच दिसलं. चौघांतला एक जरा बाजूला झाला आणि मग दिसला. इतकं साधं कारण होतं, तरी त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बसच्या थांब्यावर पंखेवाला पुन्हा भेटला. सिनेमा कधी लागतोय, काही कळलं का, म्हणून विचारू लागला. त्याचे म्हातारे वडील येणार होते बघायला, जिने चढत नाहीत पण येणार म्हणतात. त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण जो माणूस आपणच पुसला त्याला तू तिथं नाहीस हे कसं सांगायचं, याला शब्द नव्हते. बघू, लवकरच लागेल, एवढंच तो म्हणाला.

शेवटी दिग्दर्शकाला दाखवलं. सावल्या गेल्या होत्या, कडा सरळ झाल्या होत्या, धूळ फक्त नायकाच्या पायांशी होती. कमरेवरचे खळगे तेवढे पूर्ण गेले नव्हते. दिग्दर्शकानं ते दोनदा लावायला सांगितलं. मग काडी चावत म्हणाला की छान झालंय. मग म्हणाला, भयंकर झालंय, आणि उठून गेला. दोन्हीपैकी कुठलं खरं धरायचं ते कोणाला कळलं नाही. सिनेमा तसाच लागला.

आईला सिनेमाविषयी त्यानं सांगितलं नव्हतं. पण गिरणीतल्या जुन्या मैत्रिणींचे तिला फोन आले. आपल्यावर काढलाय म्हणे, तिनं त्याला सांगितलं, आणि मला बघायचाय. गिरणीत आयुष्य घालवलेल्या बायकांसारखी तीही कानानं अधू होती आणि तिचं बोलणं एक तर फार मोठं असायचं किंवा मुळीच आवाज नसलेलं. मशीनच्या खडखडाटात आवाज काढून उपयोग नसतो. तिथं त्या नुसते ओठ हलवून तासन्‌तास गप्पा मारायच्या. लहानपणी रात्री तो झोपला आहे असं समजून ती अंधारात अशी बिनआवाजाची बोलत असायची, छताकडे बघत. त्याला ओठ वाचता यायचे, तिनंच शिकवलेलं, पण अंधारात दिसायचे नाहीत. सिनेमा काही खास नाही, त्यानं तिला सांगून पाहिलं. उगाच त्रास होईल, म्हणाला. आईनं फक्त विचारलं की तू केलंयस ना काम त्यात. हो म्हटल्यावर ती साडी बदलायला आत गेली.

दुपारचा खेळ होता आणि थिएटर भरलेलं होतं. तो आईला कडेच्या खुर्च्यांकडे घेऊन गेला. गर्दीत मधे बसायची त्याला कधीच सवय नव्हती. मध्यंतरापर्यंत ती शांत होती. गिरणी दाखवली तेव्हा मशिनं चुकीची आहेत असं ओठांनी म्हणाली, एवढंच. मग आग लागली. बाया गेटाकडे धावल्या. बाहेर रस्ता रिकामा होता, आणि त्या रिकाम्या रस्त्यावरून नायक चालत आला. त्यानं गज धरले.

आणि थिएटरमध्ये काहीतरी सुरू झालं. आधी कुठूनतरी एकानं ओढ म्हटलं. मग दुसरीकडून कोणी. मग सगळीकडून, एका तालात, ते खालच्या पट्टीतलं, गुरगुरल्यासारखं येऊ लागलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. पडद्याच्या लाल उजेडात ओळीच्या ओळी पुढे झुकल्या होत्या. माणसांनी पुढच्या खुर्च्यांच्या पाठी दोन्ही हातांनी धरल्या होत्या आणि ती ओढत होती. पुढच्या खुर्चीत बसलेली माणसं त्यांच्या पुढच्या खुर्च्या ओढत होती. करकर आवाज येत होता. त्याच्या मागच्यानं त्याची खुर्ची धरली होती, आणि ती हिसक्याहिसक्यानं मागं जात होती. त्यानं काढलेलं एकेक माणूस इथं येऊन बसलं होतं. आता त्यांना चेहरे होते आणि ते सगळे एकट्या माणसाकडे बघत होते. आपण करतोय ते त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आईचे हातही पुढच्या खुर्चीवर होते. पण ती ओढत नव्हती. ती लोटत होती. हाताच्या शिरा टरारून आल्या होत्या, दात आवळलेले होते, आणि ती सगळ्या ताकदीनं ती खुर्ची पुढे, पडद्याकडे लोटत होती.

गेट पडलं. थिएटर फुटल्यासारखं ओरडलं. नायक उडी मारून बाजूला झाला होता, आणि आतून बाया पडलेल्या गेटावरून धावत बाहेर येऊ लागल्या. लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. त्यानं आईकडे पाहिलं. तिनं दोन्ही पाय वर उचलून खुर्चीवर घेतले होते. गुडघे छातीशी, हात घोट्यांभोवती, एखाद्या लहान मुलीसारखी ती बसली होती आणि खाली जमिनीकडे बघत होती.

सिनेमा संपेपर्यंत ती तशीच होती. दिवे लागले, माणसं त्यांच्या पुढून मागून रेटारेटी करत, एकट्यानं काय गेट पाडलं म्हणत बाहेर निघाली. ती पाय जमिनीला का लागू देत नव्हती, ते त्याला आता कळू लागलं होतं. दोन गोष्टी त्याला लहानपणापासून माहीत होत्या. आई गेटातून बाहेर आली. बाबा गेटाखाली सापडले. त्या दोन गोष्टी त्यानं कधी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. जन्मभर त्यांच्यामध्ये कसलीतरी भिंत भरत आला होता.

आईनं त्याच्याकडे पाहिलं. गलका चालूच होता, आणि ती गिरणीतल्यासारखं बोलू लागली, आवाजाशिवाय, ओठांनी. तो वाचत राहिला.

"तुमचं गेट सपाट पडलं," ती म्हणाली.

खरं तर तेही सपाट पडलं नव्हतं. शूटिंगच्या वेळी खाली गाद्या टाकल्या होत्या, त्यांच्यावर ते हलायचं. ते हलणं त्यानंच काढून गेट जमिनीला बसवलं होतं. पण हे तो बोलला नाही.

"आमचं डुगडुगत होतं. आतून आम्ही लोटलं, बाहेरून ते ओढत होते. धुरात गजांवर नुसते हात दिसत होते. त्यातले ह्यांचे कुठले, ते कळत नव्हतं. मग पडलं. आम्ही त्याच्यावरून आलो. एक बाजू वर होती त्याची. पाय ठेवला की खाली जायची. खाली काहीतरी आहे हे सगळ्यांच्या पायांना लागलं असणार. मला लागलं."

आईनं घोट्यांभोवतीचे हात आणखी आवळले. तिचे ओठ पुन्हा हलले.

"थांबले असते तर मागच्या जळाल्या असत्या."

मग तिनं घोट्यांवरचे हात सोडले आणि नेहमीच्या मोठ्या, बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "माझ्या चपला कुठायत बघ." त्या तिथं नव्हत्या. पाय वर घेतले तेव्हा खाली राहिल्या होत्या आणि निघणाऱ्या माणसांच्या पायांनी कुठेतरी गेल्या होत्या. तू बाहेर जाऊन उभी राहा, मी आणतो, तो म्हणाला. ती अनवाणीच, भिंतीला हात लावत गेली.

त्यानं आधी वाकून पाहिलं, मग गुडघे टेकले, आणि तरी दिसेना म्हणून पोटावर झोपून खुर्च्यांखाली डोकं घातलं. जमीन गार आणि चिकट होती. खाली एक वेगळंच, बुटकं जग होतं; लोखंडी पायांचं रान, आणि वर खुर्च्यांच्या पत्र्याची लांबच लांब पाठ. एक चप्पल तीन ओळी पुढे, भिंतीशी दिसली. त्यानं हात लांबवला. तेवढ्यात दारं उघडली आणि पुढच्या खेळाची माणसं आत आली. बोलणं त्याला नीट ऐकू येत नव्हतं, फक्त पाय. आधी थोडे, मग सगळीकडून. बूट, सँडल, फरफटणारे, धावणारे, जागा पकडायला निघालेले. जमीन त्याच्या छातीखाली धडधडू लागली. वरच्या खुर्च्या एकेक करून खाली आदळू लागल्या आणि त्याच्या अंगावरचा उजेड कमी होत गेला. ओरडावं, मी इथं आहे म्हणावं, असं त्याला वाटलं. पण हलले ते नुसते ओठ. गाल जमिनीला लावून तो नुसता पडून राहिला आणि येणाऱ्या पायांकडे बघत राहिला. प्रत्येक पाय त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर पडत होता आणि पुढे जात होता. त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं.

मग त्या पायांमधून दोन उघडे पाय आले. तळव्यांना भेगा पडलेले, धूळ लागलेले, जमीन चाचपत, एकेक सावकाश टाकलेले. मागून लोक लोटत होते, कोणीतरी पुढे व्हा म्हणत होतं. ते पाय त्याच्या हाताशी आले. आणि थांबले. मागची रांग त्यांच्यावर येऊन आदळली, कोणी चिडून काहीबाही बोललं, पण ते जागचे हलले नाहीत. वरून आईचा मोठा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"थांबा जरा," ती म्हणाली. "खाली माणूस आहे."